आईच्या विसरण्याबद्दल डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. इथे नेहमी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आई ७४ वर्षांची आहे, देवगडच्या पुढे गावात आमचं घर, भाऊ मुंबईला कामाला, वहिनी आणि मुलं आईसोबत, आणि मी कणकवलीत. गेलं दीडेक वर्ष आई तेच तेच विचारते. गॅस बंद करायला विसरते. औषधाची गोळी घेतली की नाही ते तिला सांगता येत नाही. वयाने होत असेल असं सगळेच म्हणायचे. पण या गणपतीत भलतंच झालं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिच्या पाटल्या कपाटात सापडेनात म्हणून तिने सगळ्या पाहुण्यांसमोर वहिनीवर आळ घेतला. पाटल्या निघाल्या तांदळाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेल्या, गाठ तिच्याच हातची. तरी म्हणते 'हिनाच नेऊन ठेवल्यान थंय'. वहिनी रात्री मागच्या पडवीत बसून रडत होती. सोळा वर्षं ती आईचं सगळं करतेय हो.

तालुक्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं आजी काय होतंय, आई म्हणाली 'माका काय्येक होवक नाय'. डॉक्टर हसले, वय झालंय म्हणाले, टॉनिक लिहून दिलं आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर. आता भावाने पुढच्या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. आई शेजारी बसलेली असताना तिच्याबद्दल हे सगळं कसं सांगायचं? तिला किती वाईट वाटेल. आणि नाही सांगितलं तर डॉक्टरला कळणार कसं? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, काय घेऊन जायचं, काय विचारायचं, तिला काय सांगून न्यायचं.

चिरेबंदी:
ताई, कागद. सगळं एका कागदावर मराठीत लिहा आणि आत जायच्या आधी कंपाउंडरकडे किंवा रिसेप्शनवर द्या, डॉक्टरांनी आईला बघायच्या आधी वाचावं अशी विनंती करा. आम्ही सासऱ्यांच्या वेळी तेच केलं. समोर एक अक्षर बोलावं लागलं नाही. नेताना त्यांना 'शुगर-बीपीचं चेकअप आहे' सांगितलं, ते खोटंही नव्हतं, कारण तेही तपासलंच.

आणि तुमच्याबरोबर वहिनीला न्या. तुम्ही आणि भाऊ गेलात तरी वहिनी पाहिजेच. रोजचं तिलाच माहीत.

ओपीडीतून:
मी तळकोकणात फिजिशियन आहे. चिरेबंदींनी लिहिलंय ते अगदी बरोबर, थोडी भर घालतो.

स्मृतिभ्रंशाचं निदान करताना सगळ्यात मोठी तपासणी मशीनमध्ये होत नाही, घरच्या माणसाच्या तोंडून होते. अडचण ही की आपल्याकडे आईवडील गावात, मुलं मुंबईत, आणि दवाखान्यात घेऊन येतो तो मुलगा. त्याने आईला शिमग्याला बघितलेलं असतं, मग मे महिन्यात, मग गणपतीत. मी विचारतो 'आजी स्वतः चहा करतात का', तो म्हणतो 'करत असेल'. विचारतो 'कधीपासून', तो म्हणतो 'हल्लीच'. आणि जी सून किंवा शेजारची काकी रोज बघते ती घरी असते, नाहीतर बाहेर बाकड्यावर पिशवी सांभाळत बसलेली असते. तिला आत आणा. तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय मला काही कळत नाही हे मी मनापासून सांगतोय.

दुसरं, पेशंट डॉक्टरसमोर एकदम शहाण्यासारखं वागतो. दहा मिनिटं नीट बोलणं, हसणं, 'बरी आहे' म्हणणं हे आजार बराच पुढे जाईपर्यंत जमतं. त्यात लबाडी नाही. आपण विसरतोय हेच मेंदूच्या लक्षात येत नाही, तो आजाराचाच भाग आहे. पाटल्यांचंही तसंच. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि मी ठेवली असेन हेही पटत नाही, मग उरतो एकच अर्थ, कोणीतरी नेली. आणि आळ येतो तो सगळ्यात जवळ राहणाऱ्या माणसावर. तुमच्या वहिनीला हे माझ्याकडून जरूर सांगा.

आता कागदावर काय लिहायचं. 'विसरते' एवढं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. घडलेली गोष्ट लिहा, गेल्या महिन्यात काय झालं, दोन वर्षांपूर्वी तेच काम ती कशी करायची. पैशाचा हिशोब, एसटीने एकटं जाणं, स्वयंपाक, औषधं, फोन लावणं, यातलं काय सुटलं आणि कधी सुटलं. हळूहळू वाढत गेलं, की एका दिवशी एकदम, की पायऱ्या उतरल्यासारखं, म्हणजे काही दिवस तसंच आणि मग अचानक एक टप्पा खाली. शेवटचं असेल तर मेंदूत छोटे छोटे झटके येऊन गेलेत का ते बघावं लागतं. मग पडली होती का, चाल बदलली का, लघवीवर ताबा राहत नाही का, झोप कशी आहे, नसलेली माणसं दिसतात का, ऐकू नीट येतं का, शाळा किती झाली. घरातलं कोणी गेल्यानंतर सुरू झालं का, हेही लिहा. म्हातारपणातलं डिप्रेशन पुष्कळदा असंच दिसतं आणि ते औषधांनी चांगलं सुधारतं.

आणि औषधांची अख्खी पिशवी आणा, यादी नको, पिशवीच. आयुर्वेदिक पुड्या, झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, मेडिकलवाल्याने दिलेलं सगळं. झोपेसाठी वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, सर्दीची क्लोरफेनिरामिन, यांनी म्हाताऱ्या मेंदूवर झापड येते. गोळी बंद केल्यावर माणूस ताळ्यावर आलेला मी बघितलाय. पण परस्पर बंद करू नका, झोपेची गोळी तर एकदम मुळीच नाही, ती हळूहळू कमी करावी लागते.

आईला शुगर आहे का? मेटफॉर्मिन चालू आहे का?

सुरंगी:
सर खूप खूप आभार. हो, शुगर आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, अ‍ॅसिडिटीची गोळीही रोज सकाळी. पण ती काही विसरायची गोळी नाही ना?

ओपीडीतून:
तशी नाही, पण दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी१२ शोषलं जाणं कमी होतं. लोक म्हणतात आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसलं बी१२ कमी. पण खाल्लेलं अंगी लागायला हवं ना, आणि वयाबरोबर पोटातलं आम्लही कमी होतं. बी१२ कमी असलं की विसरणं, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, चिडचिड, सगळं होतं. तेव्हा बी१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम, हिमोग्लोबिन, शुगर, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या कणकवलीतच करून रिपोर्ट घेऊन जा, एक फेरी वाचेल. मेंदूचा सीटी की एमआरआय ते न्यूरोलॉजिस्टना ठरवू दे.

दर्यावर्दी:
आमच्या आयेचा अनुभव लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. आये शाळेत गेली नाही. जन्मभर हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेऊन गावागावांत पाटी डोक्यावर घेऊन विकली. कुणाकडे किती उधारी ते वहीशिवाय डोक्यात. ती विसरायला लागली तेव्हा मुंबईत एका दवाखान्यात नेलं, तिथे त्यांनी तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आयेने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही हो. तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसत बसली. मार्क पडले एकदम कमी, आणि आम्हाला सांगितलं की आजार फार पुढे गेलाय.

नंतर दापोलीकडच्याच एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं आजी तुम्ही काय करायचात. मग म्हणाले पाटीत वीस बांगडे, शंभराला चार दिले, सगळे विकले तर किती आले? पाचशे, ती बोलली, विचार पण नाही केला. तारीख नाही आली पण म्हणाली आज अष्टमी, भांगाचं पाणी, दर्याला जोर नाही. अष्टमीच होती. मग त्यांनी तीन वस्तूंची नावं सांगितली, मध्ये गप्पा मारल्या आणि परत विचारली. एक पण नाही आठवली. सकाळी काय खाल्लं ते नाही, घरी कोण आलं होतं ते नाही. तेव्हा आम्हाला नीट कळलं की हिशोब शाबूत आहे, जुनं शाबूत आहे, नवीन काही आत टिकत नाही. त्याप्रमाणे आम्ही घर लावलं. मासे साफ करणं, कोळंबी सोलणं तिच्याकडेच ठेवलं, अजून करते. गोळ्या आणि पैसे फक्त काढून घेतले.

म्हणून सांगतो, डॉक्टरांना आधीच सांगा, शाळा झालेली नाही, काम काय करायची ते.

ओपीडीतून:
दर्यावर्दी, फार महत्त्वाचं लिहिलंत. ३० मार्कांची ती जुनी चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली, त्यात लिहिणं-वाचणं, चित्र काढणं आहे. शाळा न झालेल्या माणसाला ती अन्याय करते. म्हणूनच १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या गावकऱ्यांसाठी वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली, शाळा न झालेल्यांनाही देता येईल अशी. पण मार्क किती पडले यापेक्षा माणूस आधी काय करू शकायचा आणि आता काय सुटलं, हेच बघायचं. तुमच्या त्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

आंबेबाग:
सगळं वाचलं. राग मानू नका पण मला वाटतं आपण उगाच बाऊ करतो. आमची आजी नव्वद वर्षं जगली, शेवटी कोणाला ओळखत नव्हती, तिला कोणी मशीनमध्ये घातलं नाही, घरात सगळ्यांनी सांभाळलं. वय झालं की होतंच. ब्राह्मी द्या, डोक्याला तेल घाला. आणि आमच्याकडे असं एकदम वागणं बदललं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल घेतात, त्यात काय चुकीचं?

मांडवी_एक्सप्रेस:
चुकीचं काही नाही दादा, पण मी काकांचं सांगतो. आषाढात अंगणातल्या शेवाळावरून घसरले, चिऱ्याच्या पायरीवर डोकं आपटलं. थोडं टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. हृदयाचं दुखणं म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू होती. मग श्रावण संपता संपता बोलण्यात घोटाळा, दिवसभर पेंग, पाय ओढत चालणं. गावात म्हणाले वय झालं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे, त्यांना राखणदाराकडे पण नेलं. मी गणपतीला उतरलो तेव्हा अवतार बघून तसंच उचलून नेलं. सीटी काढला तर कवटीच्या आत रक्त साकळलेलं, मेंदूवर दाब. ऑपरेशन करून काढलं. दिवाळीला काका स्वतः माडाच्या झावळ्या ओढत होते.

वय झालं म्हणून सोडलं असतं तर? पावसाळ्यात आपल्याकडे कोण घसरत नाही. पडल्यावर आठवडे उलटून गेले तरी असं होऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळे पडल्याचं डॉक्टरला सांगायचंच, किती का जुनं असेना.

ओपीडीतून:
आंबेबाग, तुमच्या आजीला घरच्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं हे फार मोठं काम आहे, त्याची किंमत मला आहे. पण वय झालं की होतंच हे खरं नाही. भारतभरच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात साठीच्या पुढच्या माणसांत स्मृतिभ्रंश साधारण ७.४ टक्के निघाला. देशभरात ते सुमारे ८८ लाख लोक होतात, पण म्हणजेच शंभरातल्या नव्वदहून जास्त म्हाताऱ्यांना तो नाही. आणि १९०६ साली डॉ. अल्झायमर यांनी ज्या बाईंचा आजार पहिल्यांदा मांडला, त्या दवाखान्यात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या.

गाऱ्हाणं घाला, मी कधीच कुणाला अडवत नाही, घरच्यांना त्यातून धीर येतो. फक्त त्याच आठवड्यात रक्तही तपासा. आणि ब्राह्मीचं म्हणाल तर देत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. भस्मं घातलेल्या पुड्या मात्र कुठल्या, कोणी दिलेल्या ते दाखवा, काहींमध्ये शिसं सापडलेलं आहे आणि शिसं मेंदूला वाईट.

आंबेबाग:
ठीक आहे डॉक्टर. पडण्याचं आणि रक्त साकळण्याचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे बाबांना पण बी१२ तपासून घेतो, तेही मेटफॉर्मिनवर आहेत.

रातांबा:
मला पण लिहायचंय, लांबलं तर माफ करा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं विसरण्यापासून सुरू झालंच नाही. रात्री झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे, ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटायचे. एकदा आईच्या कमरेत लाथ बसली. मग खळ्यात लहान मुलं खेळताना दिसायला लागली, त्यांना खाऊ द्या म्हणून मागे लागायचे. एक दिवस एकदम नीट, पेपर वाचणार, राजकारणावर बोलणार, दुसऱ्या दिवशी ढिम्म. हात थोडा थरथरायचा. आम्ही डॉक्टरांना प्रत्येक वेळी एक एकच सांगत गेलो, या वेळी झोप, त्या वेळी थरथर, भास झाले ते तर लाजेने कोणी बोलायचंच नाही, लोक वेडा म्हणतील. मग एका रात्री खूप बिथरले, जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे शांत करायचं इंजेक्शन दिलं, हॅलोपेरिडॉल. आणि बाबा लाकडासारखे झाले. गिळता येईना, मान वळेना. कितीतरी दिवस तसेच. नंतर मोठ्या डॉक्टरांनी सगळं एकत्र ऐकल्यावर सांगितलं की हा लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे आणि या पेशंटना ती औषधं फार वाईट लागतात.

म्हणून हात जोडून सांगते, भास, झोपेतल्या लाथा, थरथर, एक दिवस चांगला एक वाईट, हे सगळं एकाच वेळी एकाच कागदावर लिहा. आता बाबांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय की हॅलोपेरिडॉल देऊ नये, आणि तसाच एक कागद त्यांच्या पाकिटात.

सुरंगी:
रातांबाताई, वाचून पोटात गोळा आला. बाबांना आता कसं आहे?

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला धागा वाचून दाखवला. 'जवळच्यावरच आळ येतो' हे डॉक्टरांनी लिहिलेलं तिने परत वाचायला लावलं. कागद आम्ही दोघींनी मिळून लिहायला घेतलाय. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्मृतिभ्रंश निघालाच तर आईला सांगायचं का? भाऊ म्हणतो अजिबात नको, ती खचेल. आणि दुसरं जरा नाजूक आहे. घर आणि कलमांची बाग आईच्या नावावर आहे, काही जमीन काकांबरोबर सामायिक सातबाऱ्यावर. काका म्हणतायत आत्ताच हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन टाका, नंतर तिला कळणार नाही. मला हे ऐकूनच कसंतरी झालं.

रातांबा:
बाबा आता बरे म्हणायचे, पॅच चालू आहे रिवास्टिग्मिनचा. मुलं अजून दिसतात खळ्यात, पण भांडत नाहीत त्यांच्याशी. आम्ही पण नाही म्हणत नाही, 'जेवून गेली ती' सांगितलं की शांत होतात. पॅच लावणाऱ्यांना एक सांगते, नवीन लावताना जुना काढलाय ना ते अंगभर बघा, दोन राहिले तर डोस दुप्पट होतो. आणि आपल्या घामाच्या दिवसांत तो सुटतो, म्हणून आंघोळीनंतर अंग नीट कोरडं करून पाठीवर वरच्या बाजूला लावतो, रोज जागा बदलून.

दिवाणी:
कोर्टात नोकरी केलीय म्हणून लिहितो, पण सही करण्याआधी तुमच्या वकिलाला विचाराच. आजाराचं नाव फाइलवर आलं म्हणून माणसाचा सहीचा हक्क त्या दिवशी संपत नाही. आपण काय करतोय, आपलं काय काय आहे, कोणाला देतोय, हे तिला त्या वेळी कळत असेल तर मृत्युपत्र करता येतं, १९२५ च्या वारसा कायद्यात तसं आहे. दोन साक्षीदार लागतातच, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा की तिला समजत होतं. पण तिला न समजता सही घेतली तर ती फसवणूक, उद्या कोर्टात टिकणार नाही आणि भावकीत पिढ्यान् पिढ्या भांडण. काकांना हे स्पष्ट सांगा.

मुखत्यारपत्राचा एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं करून ठेवलं की झालं. आपल्याकडे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं, १८७२ च्या करार कायद्यातच आहे ते. मग बँकेत, तलाठ्याकडे अडतं आणि पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून पेन्शनचं खातं जॉइंट करणं, नॉमिनी, मेडिक्लेमचे कागद हे आत्ता तिला समजतंय तोवर, तिला विचारून, तिच्या मनाप्रमाणे करून घ्या. तिची इच्छा काय आहे ते कोणी विचारलंय का अजून?

ओपीडीतून:
दिवाणी यांचं शेवटचं वाक्य सांगण्या-न सांगण्याच्या प्रश्नालाही लागू आहे. आधी तिला विचारायचं. मी पेशंटला विचारतो, 'आजी, तपासण्यांत जे निघेल ते तुम्हाला सांगू की मुलांना सांगू?' काही म्हणतात पोरांना सांगा, मग मी मुलांना सांगतो. काही म्हणतात मला सांगा, मग मी साधं सांगतो की आठवणीच्या भागाचा आजार आहे, यात तुमची चूक नाही, घरचे सोबत आहेत, काही औषधं आहेत. पुष्कळांना उलट हायसं वाटतं. आपलं काहीतरी बिनसलंय हे त्यांना आतून कळत असतं, आणि सगळे कुजबुजतात, दार लावून बोलतात, त्यानेच जास्त घाबरतात. ठरवूनच लपवायचं म्हटलं तर तिच्या हातातला वेळ आपण काढून घेतो. बाग कोणाला द्यायची, कोणाकडे राहायचं, काशीला जायचंय का, हे ती आत्ता सांगू शकते.

औषधाबद्दल डॉक्टरांना नीट विचारा. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन, ही जी औषधं आपल्याकडे देतात ती आजार बरा करत नाहीत. काहींना काही काळ थोडी मदत होते, काहींना होत नाही. म्हणून विचारायचं, यातून आम्हाला काय फरक दिसला पाहिजे, कधी दिसला पाहिजे, नाही दिसला तर बंद करायची का. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, जुलाब होतात, भूक कमी होते, वाईट स्वप्नं पडतात. चक्कर येत असेल, हृदयाचं काही असेल तर आधी ईसीजी काढा.

कुठे जायचं हेही काही जण विचारत होते. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, वार आधी फोन करून विचारा. रात्री-अपरात्री घरच्यांनाच सहन होईनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर पेशंटपेक्षा वहिनींसाठी जास्त आहे.

सुरंगी:
जाऊन आलो. सांगते.

कागद आधी दिला होता, डॉक्टरांनी तो वाचूनच आम्हाला बोलावलं. आधी आईशीच बोलले, आमच्याकडे बघितलंही नाही. सोलकढी कशी करता विचारलं. आई खुलली. नारळ फोडला, खवणला, आगळ घेतलं, मिरची-लसूण वाटली, आणि मग परत नारळ फोडला. परत खवणला. तीन वेळा ती नारळापाशी येत राहिली आणि पुढे गेलीच नाही. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. जी बाई डोळे मिटून शंभर माणसांची सोलकढी करायची.

मग आईला नर्ससोबत वजन करायला पाठवलं आणि वहिनीला विचारलं, तुम्ही सांगा. वहिनी आधी गप्प, मग सगळं भडाभडा बोलली. आम्हालाही माहीत नव्हतं की आई पहाटे उठून मागच्या विहिरीवर जाते आणि वहिनी खिडकीपाशी जागी असते.

बी१२ खूपच कमी आलंय. थायरॉइड ठीक. एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही, ते आम्हाला हट्टीपणा वाटायचा. एमआरआयमध्ये आठवणीच्या भागात थोडं आकसलेलं दिसतंय. डॉक्टर म्हणाले अल्झायमरची सुरुवात असावी, पण बी१२ आणि कानामुळे किती आणि आजारामुळे किती ते आत्ताच सांगणार नाही. आधी इंजेक्शनं, कानाचं मशीन, ईसीजी, मग तीन महिन्यांनी परत बघू आणि तेव्हा गोळीचं ठरवू. आईने स्वतःच विचारलं, 'डॉक्टर, माका येड लागला काय?' ते म्हणाले नाही आजी, आठवणीचं दुखणं आहे, शुगरसारखं सांभाळायचं. ती म्हणाली मग ठीक. आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाली, बाग वहिनीच्या पोरांक ठेवा. भावाला मी तिथूनच फोन लावला.

विहिरीचं काय करावं ते मात्र सांगा कोणीतरी.

दर्यावर्दी:
विहिरीला लोखंडी जाळी टाकून घ्या ताई, कुलूप लागेल अशी, गावातला फॅब्रिकेटर दोन दिवसांत करतो. मागच्या दाराची कडी खाली होती ती आम्ही अगदी वर नेली, आये वर बघतच नाही. पण घरात दुसरं माणूस असतानाच लावायची, एकटीला आत कोंडायचं नाही. गळ्यात आमचा नंबर कोरलेलं चांदीचं पेंडंट घातलंय, दागिना म्हणून काढत नाही. आणि बंदरावरच्या सगळ्यांना, रिक्षावाल्यांना सांगून ठेवलंय, आये एकटी दिसली की चहा पाजून फोन करा. लाज नाही वाटली सांगायला, उलट सगळ्यांनी लक्ष ठेवलं.

केवडा:
मध्येच विचारते सॉरी, पण घाईचं आहे. सासूबाई ७९, परवापर्यंत एकदम ठणठणीत, पूजा, भाजी चिरणं सगळं करत होत्या. काल रात्रीपासून काहीही बोलतायत, मला ओळखत नाहीत, मध्येच झोपतात, मध्येच उठून पळतात, अंग थोडं गरम आहे, लघवी कमी झालीय. हाच आजार असेल का? इथे वाचून न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतेय पण पुढच्या गुरुवारची मिळतेय.

ओपीडीतून:
गुरुवारपर्यंत थांबू नका, आत्ता न्या. स्मृतिभ्रंश एका रात्रीत येत नाही. एक-दोन दिवसांत असं झालं तर लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, सोडियम उतरणं, शुगर खाली जाणं, स्ट्रोक, नवीन सुरू केलेलं औषध यातलं काही असू शकतं आणि बहुतेकांवर उपचार आहे, पण वेळेत. बीपीची गोळी चालू आहे का, त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का?

केवडा:
हो, पाकिटावर क्लोरथॅलिडोन लिहिलंय. दोन आठवड्यांपूर्वी बदलून दिलेली. तोंड वाकडं वगैरे नाही, हातपाय हलतायत. घरात मी एकटीच आहे.

ओपीडीतून:
सोडियम तपासायला सांगाच, गोळी बदलल्याची तारीख सांगा. १०८ ला फोन करा, शेजारच्या कुणाला तरी सोबत घ्या. पूर्ण शुद्धीत नसतील तर तोंडाने पाणी-दूध काही पाजू नका. तिथे पहिलं वाक्य हे बोला की परवापर्यंत ठणठणीत होत्या आणि काल रात्रीपासून अशा आहेत, नाहीतर वय बघून त्यांनाही वाटेल की नेहमीच अशा असतील. औषधांची पिशवी घ्या, आणि त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर घालूनच न्या.